लॉजपोल क्रीक: डोंगरापासून संगमापर्यंत चार दिवस

आण्णा जूनमध्ये आमच्याकडे डेन्व्हरला आले तेव्हाच म्हणाले, मागच्या टायमाला डोंगर बघितलं, बर्फ बघितला, आता मला नदी दाव, शेतातनं जाणारी. आमचं गाव दिघंचीजवळ, माणगंगेच्या काठाला, त्यामुळे आण्णांच्या डोक्यात नदी म्हणजे आठ महिने वाळू आणि चार महिने आशा. मग मला एकदम आठवलं की ओमाहाला जाताना आय-८० या महामार्गावर लॉजपोल क्रीक नावाची पाटी पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी मी खाली वाकून बघते तर गवत, कॉटनवूडची झाडं, कधी चिखल, पाणी क्वचितच. किती वर्षं मनात होतं की हा ओढा एकदा उगमापासून शेवटपर्यंत बघायचा. नवऱ्याने चार दिवस सुट्टी टाकली आणि निघालो.

आधी क्रीक शब्दाचं सांगते, कारण आपल्याकडे ठाणे क्रीक म्हणजे खाडी, समुद्राचं खारं पाणी. इथे आतल्या भागात क्रीक म्हणजे ओढा. पण याला नुसतं ओढा म्हणायलाही जीभ रेटत नाही कारण लांबी आहे २७८ मैल, म्हणजे जवळपास ४४७ किलोमीटर. वायोमिंगमध्ये लॅरमी डोंगररांगेत उगम, मग पूर्वेला वाहत नेब्रास्काचा पश्चिम टोकाचा भाग पार करायचा आणि शेवटी कोलोरॅडोच्या ईशान्य कोपऱ्यात उतरून साउथ प्लॅट नदीला मिळायचं. तीन राज्यं झाली. इतक्या लांबीची नदी आपल्याकडे असती तर तिच्यावर आरत्या असत्या.

दिवस पहिला

सकाळी सहाला निघालो, शायेन शंभर मैल, तिथे नाश्ता करून हॅपी जॅक रोड पकडला. हा रस्ता आय-८० ला समांतर पण जुना, वळणाचा, पोल माउंटनच्या जंगलात नेतो. लॉजपोलचे वरचे फाटे इथेच सुरू होतात. उगम म्हणून दगडी कुंड वगैरे काही शोधू नका, कारण तसं काही नाहीये. एका उताराला हिरवळीचा ओलसर पट्टा दिसतो, त्यात विलोची झुडपं, त्यातून हातभर रुंदीची धार, मग बीव्हरने फांद्या रचून घातलेला बांध आणि त्यामागे गुडघाभर डोह. पाणी इतकं थंड की आण्णांनी तोंड धुतलं आणि दोन मिनिटं बोललेच नाहीत. तळाला गुलाबी खडी. हा शर्मन ग्रॅनाइट, १४० कोटी वर्षांचा खडक, उन्हापावसाने भुसभुशीत होऊन त्याची गुलाबी भरड सगळीकडे पसरलेली असते, चालताना बुटाखाली साखरेसारखी करकरते.

आणि झाडं. लॉजपोल पाइन म्हणजे बारीक, सरळसोट, वरपर्यंत फांदीच नाही म्हणावी अशी. नाव त्यावरूनच, लॉज म्हणजे इथल्या मूळ लोकांचा टीपी, शंकूसारखा तंबू, आणि पोल म्हणजे त्याचा वासा. खाली माळावर शेकडो मैल असं लाकूड मिळत नाही, त्यामुळे शायेन, अरापाहो, लकोटा लोक वासे तोडायला या बाजूच्या डोंगरात यायचे. आण्णांनी एका झाडाला हाताने वीत लावून बघितलं आणि म्हणाले, "मांडवाला एक नंबर. ह्ये लोक येडं नव्हतं, शेकडो मैल चालत वासा आणायला."

दुपारी आय-८० च्या शर्मन समिटला गेलो. ८,६४० फूट, अख्ख्या आय-८० चा सगळ्यात उंच पॉइंट, तिथे लिंकनचं मोठं ब्राँझचं डोकं आहे, १९५९ मध्ये रॉबर्ट रसिन या शिल्पकाराने केलेलं. तिथून थोड्या अंतरावर एम्स मॉन्युमेंट, साठ फूट उंच दगडी पिरॅमिड, युनियन पॅसिफिक रेल्वेला पैसा उभा करणाऱ्या दोन एम्स भावांसाठी १८८२ मध्ये पूर्ण झाला. शेजारी शर्मन नावाचं रेल्वेगाव होतं, नंतर लाइन दुसरीकडून नेली आणि गाव उठलं. आता वारा आणि पिरॅमिड, बस. वारा मात्र असा की नवऱ्याची टोपी गेली ती गेलीच.

मुक्काम शायेनला.

दिवस दुसरा

आज आण्णांना गँगप्लँक दाखवायचा होता. म्हणजे दाखवायला काही नाही, गाडी चढतेय हे कळतसुद्धा नाही आणि तीच तर त्याची खुबी. रॉकी पर्वताच्या पूर्व बाजूला बहुतेक ठिकाणी माळ आणि डोंगर यांच्यामध्ये जमीन खोल खणली गेलीय, नद्यांनी तिथला मऊ गाळ वाहून नेलाय, त्यामुळे माळावरून डोंगर भिंतीसारखा उभा दिसतो. शायेनच्या पश्चिमेला मात्र एका चिंचोळ्या पट्ट्यात तो जुना गाळ, त्याला ओगलाला फॉर्मेशन म्हणतात, शिल्लक राहिला, आणि तो थेट ग्रॅनाइटला जाऊन टेकतो. उतरंडीसारखी लांब फळी टाकावी तशी. १८६५ मध्ये ग्रेनव्हिल डॉज या इंजिनिअरच्या ती नजरेस पडली आणि पहिल्या ट्रान्सकॉन्टिनेंटल रेल्वेने डोंगर चढायला तीच जागा धरली. आपल्याकडे त्याच दशकात बोरघाटात बोगद्यांवर बोगदे खणून रेल्वे चढवली, आणि इथे जमिनीनेच रॅम्प करून ठेवलेला.

हे सगळं लॉजपोलशी कसं जोडलंय तर रेल्वे तिथपर्यंत आली ती लॉजपोलच्याच खोऱ्यातून. वाफेच्या इंजिनाला दोन गोष्टी लागतात, सौम्य चढ आणि वाटेत पाणी, आणि या माळावर दोन्ही देणारी लांब सरळ वाट हीच. १८६७ च्या जूनमध्ये रूळ ओढ्याच्या खालच्या टोकाजवळच्या ज्युल्सबर्ग गावाला होते, नोव्हेंबरमध्ये शायेनला. पुढे १९१३ चा लिंकन हायवे त्याच खोऱ्यातून, मग यूएस ३०, मग आय-८०. आजही किंबॉल ते सिडनी जाताना एका नजरेत ओढा, रूळ, जुना रस्ता आणि फ्रीवे चौघं शेजारी शेजारी दिसतात, आणि चौघांतला सगळ्यात बारका तो ज्याने बाकीच्यांना जागा करून दिली.

शायेनमधून मात्र ओढा जात नाही, तो शहराच्या उत्तरेला राहतो, गावात आहे ती क्रो क्रीक. आम्ही उत्तरेला जाऊन मग कच्च्या काउंटी रोडने पूर्वेला निघालो, जिथे जिथे पूल तिथे तिथे थांबत. पहिल्या पुलाखाली पाणी होतं, पावलं बुडतील इतकं. पुढच्याखाली डबकं. त्याच्या पुढे नुसती वाळू आणि त्यावर गाईंच्या खुरांचे ठसे. डोंगरातून उड्या मारत आलेलं पाणी डोळ्यांदेखत जमिनीत गेलं! नवरा म्हणाला संपला की ओढा. आण्णा पुलाच्या कठड्यावर हात ठेवून बघत होते, म्हणाले, "पाव्हणं, संपला न्हाय. ती झाडं बगा कशी हिरवीगार हायती. पानी खालनं चाललंय."

आणि तसंच आहे ते. कोरड्या पात्राच्या दोन्ही बाजूंनी कॉटनवूडची रांग थेट क्षितिजापर्यंत जाते, जूनमध्ये त्यांचा कापूस सुटतो, सावरीसारखा, हवेत इतका तरंगत असतो की गाडीच्या वायपरमध्ये अडकून बसतो. वरून विमानातून बघितलं तर ओढा निळा दिसतच नाही, हिरव्या टाक्यांची शिवण दिसते.

पाइन ब्लफ्सला पोचेपर्यंत तीन वाजले. गावाच्या मागे चुनखडी-वाळूचे पांढुरके कडे आणि त्यावर खुरटी पाइनची झाडं, नाव तिथूनच. एके काळी टेक्सासवरून हाकत आणलेली गुरं इथे रेल्वेत चढवायचे. आय-८० वरून मेरीमातेचा तीस फुटी पुतळा दिसतो तो इथलाच.

तिथून वाकडी वाट करून पॅनोरमा पॉइंटला गेलो, नेब्रास्काचा सर्वोच्च बिंदू, ५,४०० फुटांहून थोडा जास्त. सर्वोच्च म्हटल्यावर आण्णा काठी घेऊन उतरले आणि बघतात तर माळ. सपाट. एक दगड आणि एक वही, नाव लिहायला, आणि लांबवर बायसनचा कळप, ही जमीन बायसन पाळणाऱ्या शेतकऱ्याची आहे. पण तिथे उभं राहिलं की या प्रदेशाची रचना कळते. हा माळ सपाट वाटतो पण सपाट नाहीये, तो अख्खाच्या अख्खा पूर्वेकडे कललाय. पाइन ब्लफ्स पाच हजार फुटांवर, किंबॉल ४,७००, सिडनी ४,१०० च्या आसपास, चॅपेल ३,७००, आणि संगमाच्या बाजूला साडेतीन हजार. ताटात पाणी ओतून ताट एका बाजूने किंचित उचललं तर पाणी जसं सरकेल तसा हा ओढा सरकतो.

रात्री किंबॉल.

दिवस तिसरा

सगळ्यात भरलेला दिवस हा. सकाळी किंबॉलच्या पश्चिमेला ऑलिव्हर रिझर्व्हॉयरला गेलो, लॉजपोलवरच घातलेलं धरण, छोटंसं. आण्णांना लगेच राजेवाडीचा तलाव आठवला. तलावाच्या वरच्या अंगाला पाणथळ गवत आहे, तिथे आणखी थोडं वर चालत गेलो तर पात्रात कोरडी वाळू लागली. आण्णा खाली बसले. हाताने वाळू उकरायला लागले. मी म्हणलं आण्णा काय करताय, तर म्हणाले, "थांब गं पोरी." वरची चार बोटं वाळू पांढरी, गरम. मग पिवळसर, दमट. कोपराएवढा खड्डा झाला तेव्हा वाळू काळपट झाली, मुठीत दाबली की गोळा राहायला लागली. अजून दोन ओंजळी काढल्या आणि खड्ड्याच्या कडेने थेंब थेंब आत यायला लागले, आधी गढूळ, मग पाच मिनिटांनी तळाशी बशीभर नितळ पाणी. झिरा. लहानपणी आई माणगंगेत असाच झिरा काढून नारळाच्या करवंटीने घागर भरायची, मी शेजारी बसायचे आणि वाळू ढासळू नये म्हणून कडा धरून ठेवायचे. किती वर्षांनी बघितलं. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, तो पुण्याचा. आण्णांनी पाण्यात बोट बुडवून डोळ्याला लावलं आणि मग खड्डा परत बुजवला, गुरांचा पाय जाऊ नये म्हणून.

हे खालचं पाणी म्हणजेच या भागाचा खरा जीव. इथे वर्षाला साधारण १६-१७ इंच पाऊस, म्हणजे चारशे मिलिमीटरच्या आसपास, आपल्या माणदेशाच्याच तोलाचा. पण पायाखाली हाय प्लेन्स ॲक्विफर, आठ राज्यांखाली पसरलेला भूजलाचा साठा, त्यातला मोठा भाग त्याच ओगलाला गाळात जो काल गँगप्लँकवर डोंगराला टेकलेला बघितला. तोच गाळ तिथे रेल्वेला रस्ता देतो आणि इथे विहिरीला पाणी, हे मला तिथे उभं राहिल्यावर नीट उमगलं. शेतातून गोल फिरणारे ते लांब स्प्रिंकलर, सेंटर पिव्होट, त्यांचं पेटंट कोलोरॅडोच्या फ्रँक झायबॅक या शेतकऱ्याने १९५२ मध्ये मिळवलं. १६० एकरांच्या चौकोनात १३० एकरांच्या आसपासचं एक वर्तुळ भिजतं. पण उपसा वाढला की भूजल खाली जातं, आणि भूजल खाली गेलं की ओढ्याला आतून मिळणारं पाणी तुटतं, विहीर आणि ओढा वेगळे नाहीतच मुळी. आण्णांना हे समजावून सांगावं लागलं नाही. बोअर पाचशे फुटांवर गेल्यावर नदीचं काय होतं ते त्यांनी आटपाडी तालुक्यात टेंभू योजनेचं पाणी यायच्या आधी पूर्ण बघितलंय.

किंबॉलच्या आजूबाजूला गव्हाच्या शेतात मध्येच तारेचं कुंपण आणि आत काँक्रीटचं झाकण दिसतं. खाली मिनिटमन क्षेपणास्त्र. १९६० च्या दशकापासून आहेत, शायेनच्या वॉरन एअर फोर्स बेसच्या ताब्यात. गहू पिवळा पडत आलेला, कुंपणाला टेकलेला. आम्ही थांबलो नाही.

पॉटर हे चारशे माणसांचंही नसेल असं गाव, पण तिथलं पॉटर संड्री हे दुकान चुकवू नका. टिन रूफ संडे नावाचं आइस्क्रीम इथेच पहिल्यांदा झालं असं गाव सांगतं, व्हॅनिला, चॉकलेट आणि वर खारे शेंगदाणे. आण्णांनी शेंगदाणे बघून पसंती दिली. काउंटरवर शेजारी एक म्हातारे शेतकरी बसले होते, नवऱ्याने दुभाष्याचं काम केलं आणि दोघांचा अर्धा तास पाऊस, भाव आणि गारा या विषयावर कार्यक्रम झाला. गारांचा तर इथे इतिहासच आहे, ६ जुलै १९२८ ला पॉटरमध्ये १७ इंच घेराची, दीड पौंडाची गार पडली होती, नंतर चाळीसेक वर्षं ती अमेरिकेतली सगळ्यात मोठी म्हणून नोंदलेली होती. मग ते शेतकरी म्हणाले गव्हानंतर आम्ही प्रोसो मिलेट लावतो, आणि फोनवर दाण्याचा फोटो दाखवला. आण्णा उडालेच. "आगं ही तर भगर!" भगरीचं सख्खं भावंडच ते. नेब्रास्काचा हा पट्टा आणि लगतचं कोलोरॅडो म्हणजे अमेरिकेतल्या प्रोसोचं माहेर, कमी पावसात दोन-अडीच महिन्यांत येतं. आणि जातं कुठे तर बराचसा माल पक्ष्यांच्या खाद्यात. उपासाला आपण जे देवासमोर ठेवून खातो ते इथे पाखरांसाठी पिकतं, आण्णा गप्प झाले आणि मग म्हणाले, पाखरांनी खाल्लं तरी पुण्यच की. नवऱ्याने ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्या शेतकऱ्यांनी आण्णांचा हात दोन्ही हातांत धरला.

संध्याकाळी सिडनीला पोचता पोचता पश्चिमेला आभाळ हिरवट काळं झालं आणि गारा आल्या, वाटाण्याएवढ्याच, पण पत्र्यावर आवाज असा की बोलणं बंद. वीस मिनिटांत खेळ संपला. रस्त्याकडेचे नाले भरून ओढ्याकडे पळत होते.

दिवस चौथा

सकाळी आधी ओढा बघायला गेलो. कालच्या पावसाचं गढूळ पाणी, वर काटक्या आणि फेस, बऱ्यापैकी वेगात. आण्णा खूश.

सिडनी म्हणजे १८६७ मध्ये रेल्वेच्या कामगारांच्या रक्षणासाठी बसवलेली लष्करी छावणी, आणि १८७६ नंतर ब्लॅक हिल्सच्या सोन्याकडे जाणाऱ्या लोकांचं उतरायचं स्टेशन. पण त्याच्याही आधीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर १८६४ मध्ये सँड क्रीकवर सैन्याने शायेन आणि अरापाहो लोकांची, बायकापोरांसकट, कत्तल केली. त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारी १८६५ मध्ये शायेन, अरापाहो आणि लकोटांनी ज्युल्सबर्गवर हल्ले केले, गाव जाळलं, आणि हजारो माणसं भर थंडीत, म्हातारेकोतारे, पोरं, घोडे, टीपी घेऊन साउथ प्लॅट ओलांडून लॉजपोलच्या या खोऱ्यातून उत्तरेला निघून गेली. ज्या ओढ्याला त्यांच्या तंबूच्या वाशांचं नाव आहे त्याच ओढ्यावरून. आज त्या वाटेवर पेट्रोल पंप आहेत.

सिडनीपासून पूर्वेला यूएस ३० ने गेलो, लॉजपोल नावाचंच गाव लागतं, मग चॅपेल. चॅपेलमध्ये १९६१ साली एका घरातून माशांच्या गळाला लावायच्या खोट्या माश्या पोस्टाने विकायला सुरुवात झाली आणि त्याची पुढे कॅबेलाज ही शिकार-मासेमारीच्या सामानाची मोठी कंपनी झाली, हे नवऱ्याला माहीत होतं, तो मासेमारीवाला. चॅपेलनंतर ओढा हायवेची साथ सोडतो आणि आग्नेयेला वळून कोलोरॅडोकडे उतरतो. १८६० मध्ये टपाल नेणारे पोनी एक्सप्रेसचे घोडेस्वार उलट दिशेने हेच करायचे, ज्युल्सबर्गला साउथ प्लॅट ओलांडून लॉजपोलच्या काठाने वर यायचे आणि सिडनीच्या बाजूला उत्तरेला वळायचे.

आता आण्णांना सगळ्यात जास्त ज्यात रस होता ते. नेब्रास्का आणि कोलोरॅडो यांच्यात साउथ प्लॅटच्या पाण्याचा करार १९२३ मध्ये झाला, आणि त्यात या छोट्या ओढ्यासाठी वेगळं कलम आहे. राज्यांच्या हद्दीपासून दोन मैल उत्तरेला, म्हणजे नेब्रास्काच्या आतच, ओढ्यावर एक बिंदू धरलाय. त्याच्या वरचं पाणी नेब्रास्काचं, खालचं सगळं कोलोरॅडोचं. गाडी साधारण त्या अंतरावर आली तेव्हा मी ओडोमीटर बघून सांगितलं, आण्णा आता इथे कुठेतरी. त्यांनी गाडी थांबवायला लावली. दोन्हीकडे मका, मध्ये कॉटनवूड, पाटी ना खांब. "कृष्णेच्या पान्याला लवाद बसला, किती वर्सं भांडत्यात, आन ह्यांनी वड्यासाठीबी कागद केला," म्हणाले. बराच वेळ उभे होते. भांडण इथेही मिटलेलं नाही, साउथ प्लॅटमधून नेब्रास्काकडे कालवा न्यायचा जुना हक्क २०२२ पासून पुन्हा वर आलाय आणि दोन्ही राज्यं तापलीत.

ओविडला साखर कारखान्याचा सांगाडा दिसला. ऊस नाही, बीटाची साखर, १९२६ ते १९८५ चालला. बंद कारखाना कसा दिसतो हे आम्हा सांगली जिल्ह्याच्या लोकांना दाखवावं लागत नाही.

आणि गावाजवळच संगम. थेट काठापर्यंत जाता येत नाही, मधे खासगी शेतं आहेत, त्यामुळे रस्त्यावरूनच बघितला. चार दिवस पाठीमागे असलेली झाडांची शिवण दक्षिणेला जाते आणि साउथ प्लॅटच्या रुंद झाडीत मिसळून जाते, बस एवढंच दिसतं. नदीच्या पुलावर गेलो तर साउथ प्लॅटही खोल नाहीच, वाळूच्या बेटांमधून चार-पाच धारांत पसरलेली, प्लॅट हा फ्रेंच शब्दच मुळी सपाट या अर्थाचा. पुढे ती नॉर्थ प्लॅटला मिळते, मग मिसुरी, मग मिसिसिपी, मग मेक्सिकोचं आखात.

पुलावरूनच आण्णांनी गावी भावाला फोन लावला, इथे संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा. व्हिडिओ कॉलवर आधी त्याला नदी दाखवली, मग वरून येणारी झाडांची रांग दाखवली, वाळूतला झिरा सांगितला, भगर सांगितली. मग विचारलं, पाऊस झाला का रं. तो म्हणाला न्हाय अजून, ढग येत्यात आन सोलापूरकडं जात्यात, पण काल वाळूवर तीन टिटव्या वरच्या अंगाला अंडी घालून बसल्यात. आण्णा म्हणाले, "वरच्या अंगाला? मग येतंय पानी."